टपालाचें विमान आणि डहाणूचें आकाश

नकाशावर अहमदाबाद आणि मुंबईचें जुहू हीं दोन ठिकाणें सरळ रेघेनें जोडलीं, तर ती रेघ पालघर जिल्ह्यांत पश्चिमेस डहाणू व पूर्वेस तलासरी ठेवून त्या दोहोंच्या मधून जाते. डहाणूस आगगाडीचा रस्ता आहे, तलासरीस मोटारींचा हमरस्ता आहे. आणि या दोहोंमधला तिसरा रस्ता आकाशांतला. त्यावर रूळ नाहींत कीं मैलाचे दगड नाहींत, म्हणून तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु ज्या उड्डाणानें आजच्या एअर इंडियेचा पाया घातला, तें याच दिशेनें झालें.

तो दिवस १५ ऑक्टोबर १९३२ चा. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा सकाळीं एकटेच निघाले. त्यांचें ‘पस मॉथ’ विमान लहानसें, एकाच इंजिनाचें. बरोबर टपाल अवघें ५५ पौंड. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं ते जुहूस उतरले. ताशीं शंभर मैलांचा वेग धरून हिशेब केला, तर डहाणू-तलासरीचा टापू त्यांनीं सव्वाच्या सुमारास ओलांडला असला पाहिजे. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. जमिनीवरून वाट दाखविणारें साधनही नव्हतें. त्या काळीं वैमानिकाची सारी भिस्त डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर असे. आणि समुद्रकिनारा व लोहमार्ग यांच्यापेक्षां ठळक खुणा या प्रदेशांत दुसऱ्या कोणत्या असणार? मुंबईहून पुढें तेंच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. विमानी टपालाची मूळ कल्पना घेऊन टाटांकडे आलेले ते हेच गृहस्थ.

पंचावन्न पौंडांचें ओझें तें काय, असें कोणास वाटेल. परंतु त्याचें महत्त्व वजनांत नव्हतें, वेळेंत होतें. विलायतेचें टपाल इंपीरियल एअरवेजचें विमान कराचीस आठवड्यांतून एकदां आणून पोंचवी व तेथूनच परत नेई. मद्रासेचें किंवा मुंबईचें पत्र कराचीस एक दिवस उशिरां पोंचलें, तर तें एक दिवस नव्हे, सबंध आठवडा मागें पडे. शिवाय सरकारनें या धंद्यास कोणतेंही ठराविक अर्थसाह्य दिलेलें नव्हतें. जेवढें टपाल वाहावें तेवढेंच पैसे मिळावयाचे. सुमारें दोन लाख रुपयांच्या भांडवलावर उभारलेल्या या सेवेचें जगणें-मरणें घड्याळाच्या कांट्यावर अवलंबून होतें.

त्या घड्याळाचा खरा शत्रु पावसाळा. जुहूचें मैदान म्हणजे समुद्राकांठची मोकळी जमीन. पावसांत तेथें पाणी सांचे आणि विमान उतरविणें अशक्य होई. म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्यास हलविला जाई. पुण्याकडे जातां-येतां सह्याद्रीचे ढगांत बुडालेले घाट ओलांडणें भाग पडे. तरीही सेवेचा वक्तशीरपणा ढळला नाहीं. १९३३ सालीं या विमानांनीं सुमारें १,६०,००० मैलांचा प्रवास केला, पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल वाहिलें आणि प्रवासी नेले केवळ १५५. विमान मुख्यतः पत्रांसाठीं होतें. माणसाला जागा उरली तर मिळे.

ओझें वाढत गेलें तशीं विमानें बदलत गेलीं. पस मॉथनंतर लेपर्ड मॉथ, फॉक्स मॉथ, माइल्स मर्लिन व वॅको हीं लहान यंत्रें आलीं. १९३८ सालीं साम्राज्य टपाल योजना लागू झाली. विमानानें जाणाऱ्या पत्रांवरील जादा आकार उठला आणि थैल्यांची संख्या एकदम वाढली. एका इंजिनाच्या यंत्रांना तो भार झेपणारा नव्हता. तेव्हां दोन इंजिनांचें ड्रॅगन रॅपिड व चार इंजिनांचें डी. एच. ८६ यांची भर पडली. पुढें महायुद्ध आलें. १९४२ सालीं व्हिन्सेंट विमानप्रवासांतच नाहींसे झाले. युद्धानंतर शिलकी लष्करी मालांतून डी. सी. ३ जातीचीं विमानें स्वस्त मिळालीं आणि पत्रांच्या सेवेची खरीखुरी प्रवासी सेवा झाली. २९ जुलै १९४६ रोजीं कंपनीनें ‘एअर इंडिया’ हें नांव धारण केलें. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हा मार्गें लंडनला निघालें. पंचावन्न पौंडांपासून येथवर येण्यास सोळा वर्षेंही लागलीं नाहींत. १९५३ सालीं या धंद्याचें राष्ट्रीयीकरण झालें आणि २७ जानेवारी २०२२ रोजीं ही संस्था पुन्हां टाटांकडे आली.

१९८२ सालीं, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनीं लेपर्ड मॉथ विमानांतून पुन्हां एकदां कराची ते मुंबई हा प्रवास केला. डहाणूस किंवा तलासरीस आजही विमानतळ नाहीं. तेथील वाडींत चिकू उतरविणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून विमानें जातात. तीं इतक्या उंचीवरून कीं वर पाहण्याची गरजही भासत नाहीं. परंतु विमानसेवा म्हणजे केवळ मोठीं यंत्रें नव्हेत. पत्र ठरल्या दिवशीं पोंचेल, हा विश्वास म्हणजेच विमानसेवा. आणि तो विश्वास प्रथम याच वाटेवर, टपालाच्या एका लहानशा थैलींतून मुंबईस आला.