पहिल्या सामन्याचा नारळ

फुटबॉलच्या कुठल्याही हंगामाचं वेळापत्रक हाती आलं की माझी नजर आधी पहिला सामना कुठल्या गावाला दिलाय त्यावर जाते. दिवेआगरात राहून हा नाद लागावा, हे तसं विचित्रच. श्रीवर्धन तालुक्याच्या या पट्ट्यात जोर कबड्डीचा, त्याखालोखाल टेनिस बॉल क्रिकेटचा. ओहोटीला पुळण टणक होते, पोरं चपला ठेवून गोल उभे करतात, भरती आली की सामना मोडतो. त्याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणूनच असेल, पण एक प्रश्न मला कधीचा छळतोय: जिथे फुटबॉलची परंपरा नाही, तिथे हंगामाचा नारळ फोडून काही साधतं का?

हा प्रयोग सगळ्यात उघडपणे केला ऑस्ट्रेलियाने. त्यांचा स्वतःच्या नियमांचा फुटबॉल हे मुळात मेलबर्नचं वेड. तरी २०२४पासून हंगामाचे पहिले सामने मुद्दाम सिडनी, ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट अशा रग्बीच्या मुलखात ठेवले गेले. २०२५मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळामुळे त्यातले दोन पुढे ढकलावे लागले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अंगावर घेतलेल्या आमच्या गावाला त्याचं नवल नाही. पण बारकाईने पाहिलं तर या शहरांत संघ कधीचेच होते. सिडनीत १९८२पासून, ब्रिस्बेनच्या नावाने १९८७पासून. २०२४चा अंतिम सामनाही याच दोन शहरांच्या संघांत झाला आणि ब्रिस्बेनने तो जिंकला. पहिल्या सामन्याने तिथे काही पेरलं नाही. उभ्या पिकाची जाहिरात केली.

आपल्याकडे ड्युरँड चषकाची भटकंती जुनी. १८८८ला सिमल्यात सुरू झाला, १९४०ला दिल्लीत उतरला, २०१९ला कोलकात्यात गेला. आता भारतीय हंगाम त्यानेच उघडतो. २०२२ला त्याचे सामने इम्फाळला झाले, २०२३ला कोक्राझारला. २०१९च्या नोव्हेंबरात आय-लीगचा पहिला दिवस ऐझॉलला मिळाला होता. ईशान्येत हे जमलं याचं श्रेय आयोजकांना देण्याची घाई नको. ऐझॉलचा संघ त्याआधीच, २०१६-१७ला, देशाचा विजेता होता आणि मिझोरमची स्वतःची लीग २०१२पासून चालू होती.

महाराष्ट्राने उलट्या टोकाने सुरुवात केली. १७ वर्षांखालील विश्वचषकाचे पहिल्या दिवशीचे, ६ ऑक्टोबर २०१७चे, दोन सामने नवी मुंबईत होते. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवलं: एका दिवसात १० लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना चेंडू वाटले गेले, फोटो निघाले. माझं मत कडू वाटेल, पण सांगतो. १६ सप्टेंबरला काय खेळायचं, हा प्रश्न त्या योजनेने स्वतःला विचारलाच नाही.

आणि त्याच वर्षी, कुणाच्या फारसं लक्षात न येता, खरा प्रयोग कोल्हापुरात झाला. महिलांच्या राष्ट्रीय लीगची, म्हणजे इंडियन वुमेन्स लीगची, प्राथमिक फेरी, म्हणजे त्या राष्ट्रीय हंगामाचे पहिलेच सामने, २०१७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे खेळवले गेले. अंतिम फेरी पुढे शिलाँगला झाली आणि ओडिशाच्या संघाने चषक नेला. बातमी तिथेच संपली असती. पण २०१९ला लुधियानात झालेल्या पुढच्या लीगच्या अंतिम फेरीतल्या संघांची यादी पाहताना मी थबकलो: एफसी कोल्हापूर सिटी. त्याच्या पुढच्या हंगामातही हे नाव होतं. आणि २०१९ हेच वर्ष होतं, जेव्हा बालेवाडीचा एफसी पुणे सिटी, पैशाअडक्याचा, परदेशी खेळाडूंचा संघ, गुंडाळला गेला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादकडे गेली.

असं का व्हावं? उत्तर कोल्हापूरच्या पेठांमध्ये आहे. कोलकाता, गोवा, केरळ एवढाच नकाशा डोक्यात असलेल्यांना कोल्हापूर म्हणजे कुस्तीचं गाव. पण कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच तिथे फुटबॉल खांद्यावर घेतला: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार, उत्तरेश्वरची वाघाची तालीम. जी तालीम गणपती बसवते, वर्गणी काढते, तीच संघ उतरवते. पोराला संघ निवडावा लागत नाही. ज्या गल्लीत जन्मला तो त्याचा. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची लीग, मग एकामागून एक चषक, असा उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमचा हंगाम चालतो. यात समर्थकांची हुल्लडबाजीही आली, पोलीस बंदोबस्तही आला. हाणामारीचं मला कौतुक नाही. पण ज्या खेळाच्या निकालावरून दोन पेठांचं वाजतं, तो खेळ त्या गावात पाहुणा नसतो, एवढं खरं. २०१७च्या त्या विश्वचषकाच्या भारतीय संघात अनिकेत जाधव होता, तोही कोल्हापूरचाच.

दुसरं उदाहरण किनाऱ्याचं. वाळूवरच्या फुटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा २०२३च्या सुरुवातीला सुरतच्या डुमस किनाऱ्यावर झाली. अंतिम सामन्यात केरळने पंजाबला १३-४ हरवलं. पंजाबला समुद्रच नाही! म्हणजे नुसता किनारा असून भागत नाही, संघ बांधणारी माणसं लागतात. एवढ्या लांब किनारपट्टीच्या महाराष्ट्राने हे मनावर घ्यावं.

तेव्हा निकाल असा: पाहुण्या गावातला पहिला सामना तिथे आधीपासून चालू असलेल्या हंगामाला बळ देतो, नसलेला हंगाम निर्माण करत नाही. राज्य संघटनेला रायगडच्या किनाऱ्यासाठी काही करायचंच असेल, तर मोठा सामना आणू नये. इथली तालीम म्हणजे कबड्डी मंडळ. चेंडू त्यांच्या हाती द्यावा. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग अशी वाळूवरची लीग दिवाळी ते होळी चालवावी. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून सामन्यांच्या वेळा तिथी बघून ठरवाव्या लागतील. हे कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारलं तरी चालेल. अशी लीग सलग पाच वर्षं टिकली, तर राष्ट्रीय हंगामाचा पहिला सामना मागायचा आम्हाला हक्क आहे. त्याआधी कुणी तो देऊ केला, तर तो कोल्हापूरला द्यावा.