कागद मागणारा वकील

गव्हाण फाट्यावर रात्री नाकाबंदी लागली की कंटेनरचे ट्रेलर, उलव्याकडे वळणाऱ्या मोटारी आणि पार्टीहून परतणारे दुचाकीस्वार एकाच रांगेत उभे राहतात. पोलीस यंत्राची नळी पुढे करून ‘फुंका’ म्हणतात. दारूचा आकडा 100 मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेला की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. गाडी बाजूला लावली जाते आणि घरचे फोन वाजू लागतात. कुणी माजी सरपंचांना उठवतं, कुणी मेहुण्याच्या ओळखीचा वकील शोधतं.

निवड चुकते ती याच घाईत. हा गुन्हा जामीनपात्र आहे. अटक झालीच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 प्रमाणे जामीन हक्काने मिळतो, आणि पुष्कळदा अटक न करता कोर्टाची तारीखच दिली जाते. त्यामुळे ‘एवढे द्या, सकाळपर्यंत माणूस बाहेर काढतो’ असं सांगणारा जे मिळणारच आहे त्याचे पैसे मागत असतो. त्या रात्री जामिनासाठी भरवशाचा माणूस आणि त्याची ओळखपत्रं पुरतात. वकील नेमायला दोन दिवस लागले तरी चालतं.

चांगला वकील ओळखायचा तो त्याच्या पहिल्या प्रश्नांवरून. तो आधी कागद मागतो. यंत्रातून निघालेली ती बोटभर रुंदीची पट्टी हातात घेऊन तिच्यावरची वेळ, चाचणीचा क्रमांक, आकडा आणि सह्या पाहतो. यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली, याची नोंद मागवतो. मग विचारतो, अटक किती वाजता झाली आणि डॉक्टरांनी किती वाजता तपासलं? हा प्रश्न कळीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 खाली अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. तशी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. गडबडीत घरच्यांना या वेळा आठवत नाहीत, म्हणून त्या रात्रीच कागदावर लिहून ठेवलेल्या बऱ्या.

डॉक्टरांच्या दाखल्यात नुसता ‘तोंडाला दारूचा वास, चाल अडखळती’ एवढाच शेरा असेल, तर जुना निकाल ठाऊक असलेला वकील तिथे थांबतो. बचूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये म्हटलं होतं की रक्ताची वा लघवीची तपासणी नसताना केवळ अशा लक्षणांवरून मद्यप्राशन सिद्ध झालं असं धरता येत नाही. मात्र यंत्राचा आकडा स्पष्ट आणि कागद चोख असतील, तर हाच वकील पक्षकाराला तेही तोंडावर सांगतो. निकालाची हमी देणाऱ्यापेक्षा हा माणूस बरा.

गव्हाण-जासई-उलवे पट्ट्यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. इथल्या कितीतरी घरांची चूल बंदराच्या ट्रेलरवर पेटते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. जागेवर पावती फाडून हे प्रकरण मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं. तिथे ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ हा सल्ला सर्रास मिळतो. कारकुनाला तो परवडेल. ट्रेलरचालकाला मात्र दंडापेक्षा लायसन्सचं निलंबन महाग पडतं, आणि दोष एकदा कबूल झाला की पुढच्या खेपेला शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. कबुलीचे हे परिणाम समजावून न सांगणाऱ्या वकिलाच्या वकालतनाम्यावर सही करू नये.

गव्हाण पनवेल तालुक्यात असलं तरी थोडं पुढे गेलं की उरण तालुका लागतो. नाकाबंदी कुठे होती त्यावर कोर्ट ठरतं, म्हणून त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील पाहावा. सनद क्रमांक विचारायला संकोच नको. फी कशाची, तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, हे आधीच बोलून घ्यावं. पोलीस ठाण्याच्या दारात वकिलाचं कार्ड वाटणाऱ्या दलालापासून दूर राहिलेलं बरं; असं काम मिळवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. पैशांची अडचण असेल तर पनवेलची तालुका विधी सेवा समिती आहे, 15100 हा क्रमांक आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कुणाचा जीव गेला असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेराच्या मोटारीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दलची त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. असा खटला सत्र न्यायालयात चालतो. तिथे उलटतपासणीत मुरलेला वकील लागतो, आणि गेलेल्यांच्या घरच्यांनाही आपली बाजू मांडायची असते.

साध्या प्रकरणात कोर्टाचं काम आटोपल्यावरही एक टप्पा उरतो, तो परिवहन कार्यालयाचा. लायसन्स निलंबित करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्या नोटिशीला उत्तर कोण लिहिणार, सुनावणीला कोण जाणार, हे फी ठरवतानाच वकिलाला विचारून ठेवावं. आदेश विरोधात गेला तर तो हाती पडल्यापासून अपिलाला तीस दिवस असतात.