एकोणनव्वद छर्रे, तीस कोटी जीव

ऑस्ट्रेलियात लाल खोकडांची संख्या 17 लाखांच्या घरात आहे. ही खोकडं दरवर्षी तिथले 30 कोटींच्या आसपास देशी सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे जीव मारतात. खोकडांच्या पोटातलं आणि विष्ठेतलं खाद्य तपासणारे अनेक अभ्यास एकत्र करून तिथल्या संशोधकांनी 2022 साली हा अंदाज मांडला. तीस कोटी म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या अडीच पटींहून जास्त. दिवसाला सव्वाआठ लाख, तासाला चौतीस हजार, सेकंदाला नऊ-दहा. हे वाक्य वाचून होईपर्यंत तीस-चाळीस जीव गेले.

आता हाच आकडा एका खोकडावर आणून पाहा. 30 कोटी भागिले 17 लाख म्हणजे वर्षाला पावणेदोनशेच्या आसपास, दोन दिवसांत एक शिकार. पाच-सहा किलोच्या जनावराला एवढं लागणारच. त्यात हावरटपणा नाही की क्रौर्यही नाही. एकेका खोकडाचा वाटा एवढाच, अनर्थ होतो तो सतरा लाख पोटांमुळे. आणि ही पोटं तिथं आपल्या पायांनी आलेली नाहीत. घोड्यावर बसून, कुत्री सोडून खोकडाचा पाठलाग करायची इंग्लंडातली हौस इथंही भागावी, म्हणून व्हिक्टोरियातल्या वसाहतवाल्यांनी 1850 च्या दशकापासून ती जहाजांतून आणून सोडली. 1870 च्या दशकात ती रुजली. त्याआधी 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने बारवॉन पार्क इथं चोवीस ससे आणवले होते. ससे पसरले आणि त्यांच्या मागोमाग खोकडं. शंभर वर्षांच्या आत उष्ण कटिबंधातला उत्तरेकडचा पट्टा आणि टास्मानिया सोडला तर जवळजवळ अख्खा खंड त्यांच्या पायाखाली आला.

तिथल्या देशी प्राण्यांना अशा शिकाऱ्याची सवयच नव्हती. 35 ग्रॅमपासून साडेपाच किलोपर्यंत वजनाचे सस्तन प्राणी सगळ्यात जास्त मार खातात, हे तिथल्या जीवशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिलं. हे खोकडाच्या आणि मांजराच्या तोंडात मावणारं माप आहे. 1788 मध्ये युरोपीय वस्ती झाल्यापासून ऑस्ट्रेलियाने 30 हून जास्त सस्तन प्रजाती कायमच्या गमावल्या. दुसऱ्या कुठल्याही खंडाचा या काळातला हिशेब इतका वाईट नाही.

म्हणजे खोकडं कमी करायलाच हवीत, याबद्दल मला शंका नाही. पण किती? घोडं पेंड खातं ते इथं. मादी वर्षातून एकदा विते, गर्भकाळ बावन्न दिवसांचा, पिल्लं साधारण चार. पिल्लू दहा महिन्यांत स्वतः विण्याजोगं होतं. सरळसोट हिशेब मांडू. 17 लाखांत निम्म्या माद्या धरल्या तर साडेआठ लाख. गुणिले चार, 34 लाख पिल्लं. आधीची धरून 51 लाख. पुढच्या वर्षी पुन्हा 17 लाखांवरच राहायचं असेल, तर 34 लाख मरायला हवीत, म्हणजे तीनांतली दोन. यातली बहुतेक भुकेने, दुष्काळाने, रोगाने, गाड्यांखाली मरतातच. माणसाने मारलेल्यांत कितीतरी अशी असतात, जी तशीही पुढचा उन्हाळा पाहणार नव्हती. तिथल्या नियंत्रणाच्या व्यवहारात दरवर्षी निदान 65 टक्के खोकडं काढली तरच संख्या खाली येते, असं धरलं जातं. आपल्या कच्च्या हिशेबातून आलेले 67 टक्के त्याला जाऊन टेकतात.

म्हणूनच मेलेली मोजण्यावर माझा विश्वास नाही. व्हिक्टोरिया राज्य 2011 पासून खोकडाच्या टाळूमागे रोख इनाम देतं. सुरुवात 10 डॉलरपासून झाली. पण इनाम घेणारा जातो तो जिथं गाडी जाते, ओळखीचा शेतकरी आहे आणि खोकडं मुबलक आहेत तिथं. जिथं शेवटची दोनच उरली आहेत, पण त्या दोघांनीच सगळा घोळ घातलाय, तिथं रात्रभर बसायला दहा डॉलरसाठी कोण जाईल?

एकट्या खोकडाची गोष्ट तर थक्क करणारी आहे. न्यू साउथ वेल्समधल्या पिलिगा जंगलात 5,800 हेक्टरला कुंपण घालून आतली सगळी खोकडं नि रानटी मांजरं काढून टाकायची आणि नामशेष होत चाललेले प्राणी पुन्हा सोडायचे, असं काम चालू होतं. एक खोकड उरलं. लोकांनी त्याचं नाव रॅम्बो ठेवलं. साडेचार वर्षं ते सापडलं नाही. सापळे लावल्याच्या रात्री दहा हजारांवर गेल्या, विषारी आमिषं साडेतीन हजारांच्या आसपास टाकली, नेमबाज सत्तरहून जास्त वेळा दबा धरून बसले, माग काढणारी कुत्रीही आणली. शेवटी 2022 च्या ऑक्टोबरात पूर आला आणि त्यानंतर ते कुठल्याच कॅमेऱ्यात दिसलं नाही. पहिली नव्वद खोकडं काढण्यापेक्षा शेवटचं एक काढणं अवघड असतं, ते असं.

मोठ्या मुलखासाठी बंदूक हे हत्यारच नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1996 पासून सुमारे 35 लाख हेक्टरांवर 1080 नावाच्या विषाची आमिषं टाकली जातात. हेच विष तिथल्या काही देशी झुडपांत निसर्गतः असतं, त्यामुळे तिथल्या देशी प्राण्यांना ते बरंच पचतं आणि परक्या खोकडाला पचत नाही. बंदूक उपयोगी पडते ती शेताच्या बांधावर, मेंढ्या विण्याच्या हंगामात, गोठ्या-कोंबड्यांपाशी, जिथं पाळलेल्या कुत्र्यामुळे आमिष टाकता येत नाही तिथं. घरं जवळ असली की रायफलही नको. .223 ची गोळी सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या वर वेगाने निघते आणि चुकली तर कुठं थांबेल याचा भरवसा नाही. छऱ्यांचं तसं नाही. छर्रा जास्तीत जास्त किती लांब जातो, याचा जुर्ने या फ्रेंच सेनानीने बसवलेला नियम अजून वापरात आहे: इंचातल्या व्यासाला 2,200 ने गुणा, उत्तर यार्डांत. 0.16 इंची, बीबी मापाच्या छऱ्याला साडेतीनशे यार्ड, म्हणजे सव्वातीनशे मीटर. बंदुकीपुढचा एवढा पट्टा तरी मोकळा आहे ना, हे आधी पाहायचं.

छऱ्यांच्या बंदुकीचा बारा बोअर हा आकडाच मुळात वजनाचा. एक पौंड शिशातून बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची. 453 ग्रॅमला बाराने भागा, शिशाच्या घनतेने भागा, व्यास काढा, साडेअठरा मिलिमीटर येतो. वीस बोअरची नळी याच न्यायाने अरुंद, साडेपंधराच्या जरा वर. यातूनच एक जीवघेणा अपघात होतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत पडलं, तर ते आत सरकून पुढे अडकतं. नळी रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी डाव्या हाताजवळ फुटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी ठेवण्याची रीत त्यासाठीच आहे. ज्याच्या खिशात दोन्ही रंगांची काडतुसं एकत्र आहेत, त्याच्याबरोबर मी शेतात जाणार नाही.

आता काडतुसाच्या आत पाहू. पितळी बूड, त्यात टोपी, वर दीड-दोन ग्रॅम दारू, मग प्लास्टिकची बुडी, आणि बुडीच्या पेल्यात 36 ग्रॅम छर्रे. खोकडासाठी कुठले? ब्रिटिश मापात 6 नंबरचे औंसाला 270 बसतात, बीबीचे 70, एएएचे 35. म्हणजे 36 ग्रॅमच्या काडतुसात 6 नंबरचे साधारण 340, बीबीचे 89, एएएचे 44. सगळ्यांचं मिळून वजन तेच, पण एकेका छऱ्याची ताकद निराळी. नळीतून सेकंदाला 400 मीटर वेगाने निघताना बीबीच्या एका छऱ्यात 32 ज्यूल असतात, 6 नंबरच्यात आठ-साडेआठ. बारीक छर्रा हवेत वेगही लवकर गमावतो. हिवाळी केस, कातडी, फासळी ओलांडून हृदयाशी पोचणं त्याच्याने होत नाही. सशाला पुरतं ते काडतूस खोकडावर झाडणं म्हणजे त्याला आठवडाभर कुजत मरायला पाठवणं.

मग सगळ्यात जाड छर्रा घ्यावा का? हिशेब करून पाहा. फुल चोक असलेली, म्हणजे तोंडाशी आवळलेली नळी 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंची वर्तुळात सत्तर टक्के छर्रे टाकते, अशी चोकची व्याख्याच आहे. बीबीचे 89 पैकी 62. वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. खोकड आडवं उभं असताना त्याच्या हृदय-फुप्फुसाचा भाग दहा सेंटिमीटर व्यासाचा धरू, म्हणजे 78 चौरस सेंटिमीटर. छर्रे वर्तुळात सारखे पसरले असं मानलं तर त्या भागात सरासरी छर्रे पडतात एक. फक्त एक! आणि सरासरी एक म्हणजे शंभरांतल्या पस्तीस वेळा तिथं एकही नाही. एएएचं काडतूस असेल, तर सरासरी अर्धा छर्रा, आणि शंभरांतल्या एकोणसाठ वेळा शून्य. 89 छऱ्यांचा एवढा मोठा धडाका, खांद्याला धक्का, कानठळ्या, आणि मर्मस्थळी काही नाही. ते खोकड पळून जातं, नेम धरणाऱ्याला वाटतं चुकलं, पण उरलेल्या साठांतले दोन-चार छर्रे त्याच्या पोटात, जबड्यात, मागच्या पायात बसलेले असतात.

आता तेच काडतूस, तीच बंदूक, अंतर वीस मीटर. वर्तुळ आटतं आणि छऱ्यांची दाटी सव्वातीन पटींहून जास्त होते. मर्मस्थळी सरासरी साडेतीन छर्रे, आणि एकही न बसण्याची शक्यता शंभरांत तीन. पन्नास मीटरवर गेलात, तर शंभरांतल्या सत्तावन्न वेळा काहीच नाही. दुकानात काडतुसांच्या पेट्यांवर लांब पल्ल्याच्या बढाया छापलेल्या असतात. त्यांच्यापेक्षा एक जुना पुठ्ठा जास्त खरं बोलतो. पुठ्ठ्यावर दहा सेंटिमीटरचं वर्तुळ काढा, आपल्याच बंदुकीने, आपल्याच काडतुसाने वीस, पंचवीस, पस्तीस मीटरवरून झाडा आणि आतली भोकं बोटाने मोजा. तीनच्या खाली गेली, की तिथं आपली हद्द संपली. माझ्या मते हा प्रयोग न करता जिवंत जनावरावर बंदूक रोखायचा कुणाला अधिकार नाही.

पळत्या खोकडावर तर आणखी पंचाईत. ते सेकंदाला बारा मीटर धावतं. 36 मीटर जायला छऱ्यांना सेकंदाचा आठवा भाग लागतो. तेवढ्यात खोकड दीड मीटर पुढे, म्हणजे शेपूट सोडून अंगाच्या दोन लांब्या. म्हणून जाणते लोक शीळ घालून त्याला थांबवतात, आणि थांबलं नाही तर चाप ओढत नाहीत.

कायद्याचे आकडेही याच हिशेबात येतात. 28 एप्रिल 1996 रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथं एका माणसाने बंदुकीने हल्ला करून 35 जणांचा जीव घेतला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड नुकतेच, मार्चमध्ये, सत्तेवर आले होते. बारा दिवसांत, 10 मे रोजी, सगळ्या राज्यांनी एकच राष्ट्रीय करार मान्य केला. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि वितळवल्या. पैसा उभा करायला आरोग्य-कर एका वर्षापुरता 0.2 टक्क्याने वाढवला. बारा दिवस! लोकशाहीत एवढ्या वेगाने एवढं मोठं काम झाल्याची उदाहरणं शोधावी लागतात.

त्या करारानंतर तिथं परवान्यासाठी खरं कारण द्यावं लागतं. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. शेतातली खोकडं हे चालतं. साधी दुनळी किंवा एकनळी ए वर्गात येते. पंप-अ‍ॅक्शन आणि आपोआप भरणारी छऱ्यांची बंदूक, पाच काडतुसांपर्यंतची, सी वर्गात, आणि ती शेतकऱ्यासारख्या मोजक्यांनाच मिळते. पाचाचं सहा झालं की वर्ग आणखी कडक. बंदूक घ्यायला वेगळी परवानगी आणि 28 दिवस थांबणं. बंदूक कुलूपबंद तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. पश्चिम ऑस्ट्रेलियाने नव्या कायद्याने 2025 पासून माणशी बंदुकांच्या संख्येवरही मर्यादा घातली, असं करणारं ते पहिलं राज्य. (आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. माळरानावरचं आपलं खोकड 1972 च्या कायद्याने संरक्षित आहे, त्याच्यावर बंदूक रोखणं हाच गुन्हा.)

पाच काडतुसांची अट शेतकऱ्याला जाचक वाटते, हे मी समजू शकतो. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. वीस मीटरवर शंभरांत सत्त्याण्णव वेळा पहिल्याच बाराला मर्मस्थळी छर्रा पोचतो, आणि दुसरा बार दुनळीत असतोच. पन्नास मीटरवर पळत्या खोकडामागे सहावा, सातवा बार झाडणं हे नियंत्रण नव्हे. कायद्याने जे काढून घेतलं, त्याची या कामाला गरज नव्हतीच.

काम नीट झालं की काय होतं, ते फिलिप बेटावर पाहावं. मेलबर्नच्या आग्नेयेला असलेलं हे शंभर चौरस किलोमीटरांचं बेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं खोकडं पोचली. छोट्या पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या, त्यांतली एकच उरली. इनामं आणि अधूनमधूनच्या शिकारींनी दशकानुदशकं काही साधलं नाही. मग सापळे, आमिषं, रात्रीची बंदूक, बिळं शोधणं हे सगळं एकत्र, न थांबता केलं. 2017 मध्ये बेट खोकडमुक्त जाहीर झालं. आज त्या एका वसाहतीत पेंग्विनांची संख्या चाळीस हजारांच्या घरात आहे. त्याच वर्षी तिथं पट्टेरी बँडिकूट सोडले, पाऊण किलोचा, लांब नाकाचा, मुख्य भूमीवरच्या रानांतून पार संपलेला प्राणी. 2021 मध्ये त्याचं नाव ‘रानातून नामशेष’ या यादीतून काढून ‘धोक्यात’ या यादीत आणलं गेलं. ऑस्ट्रेलियात असं परत येणारा तो पहिलाच. बेटाला सॅन रेमो गावाशी जोडणारा पूल खोकडालाही मोकळाच आहे, म्हणून तिथली गस्त आणि कॅमेरे चालूच ठेवावे लागतात.