पट्टीतून जखम दिसते, म्हणून ती उचकटू नका!

मैत्रिणींनो, घरात कुणाला खरचटलं की एकजण हळदीचा डबा शोधते आणि दुसरी कापूस, हे तुम्हाला मी काय सांगू! आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात सासूबाई परसदारी शेवाळावरून घसरल्या. उरणचा पाऊस तो, पायरी न् पायरी निसरडी. कोपराखाली हात सोलवटला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जखम धुतली आणि वर एक पातळ, चिकट, काचेसारखी आरपार दिसणारी पट्टी लावून दिली.

तिसऱ्या दिवशी पाहते तो पट्टीखाली तपकिरी पाणी साचलेलं. “अगंबाई, पू झाला!” म्हणत मी टोक धरलं आणि पट्टी वर ओढली. सासूबाईंची सत्तरी उलटलेली, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. पट्टीबरोबर तीही सोलून निघाली. आठवड्यात भरायची जखम महिनाभर चिघळली. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

नर्सबाईंनी मग नीट समजावलं. ते पाणी पू नव्हताच. जखमेतून पाझरणाऱ्या त्या ओलाव्यातच नवी त्वचा सहज सरकत येते. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथिनच्या पडद्यानं झाकून पाहिल्या. उघड्यावर खपली धरलेल्या जखमांपेक्षा त्या लवकर भरल्या. “जखमेला वारा लागू दे” हे आपलं लाडकं वाक्य तिथेच लंगडं पडतं. आताची पट्टी पॉलियुरेथेनची असते. तिच्यातून वाफ बाहेर जाते, पण पाणी आणि जंतू आत येत नाहीत. सलाईनची सुई टोचली त्या जागी, टाक्यांवर, त्वचारोपणासाठी मांडीची कातडी काढतात तिथे ती लावतात, कारण न उघडता आत काय चाललंय ते दिसतं.

मात्र ही पट्टी पाणी शोषून घेत नाही. म्हणून फार वाहणाऱ्या, खोल किंवा पू झालेल्या जखमेवर ती लावू नये. मधुमेह्याच्या पायाची जखम तर डॉक्टरांनाच दाखवावी. कडेनं पाणी गळू लागलं किंवा कड सुटली, तर पट्टी बदलायची. भोवतालची लाली पसरली, सूज, ठणका, घाण वास किंवा ताप आला, तर मात्र थांबू नका.

आणि काढायची कशी? वर ओढायची नाही! एक कड सोडवून पट्टी कातडीला समांतर ताणायची, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरायची. ताणली की चिकटपणा आपोआप सुटतो.

महाग वाटतं ना हे सगळं? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी चक्क केळीच्या पानाची पट्टी वापरली. त्याआधी १९८०च्या दशकात वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याची सालं वापरली होती. केळीचं पान गुळगुळीत, त्यामुळे ते जखमेला चिकटत नाही आणि काढताना रुग्ण कळवळत नाही. पण तिथे पान निर्जंतुक केलेलं असतं, बरं का! परसातलं कापून लावू नका. घरी भाजलं तर आधी वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नको, कॉफीही नको.

परवा सासूबाईंच्या हाताला पुन्हा तशीच पट्टी लागली. बदलायच्या दिवशी मी उठले, तर त्या म्हणाल्या, “तू चहा टाक. हे नर्सबाई बघतील.”