वड्याचं तेल वांग्यावर

आज आपण आपल्या रागाबद्दल बोलू या. घरात सगळ्यांवरचा राग गिळला जातो आणि शेवटी लेकरावर निघतो, त्या रागाबद्दल.

दिवसाचा हिशेब मांडून पाहा. पहाटे पाणी, चूल, डबे. मग खुरपणी. घरी आलो की धार आणि भाकरी. त्यात गटाचा हप्ता राहिलेला, कुणीतरी टाकून बोललेलं. एवढ्यात पोराच्या हातून दुधाचा पेला सांडतो आणि पाठीत धपाटा बसतो. दूध वाटीभर सांडलं, राग मात्र अख्ख्या दिवसाचा!

पोराला यातलं काही ठाऊक नसतं. ‘मी वाईट आहे, म्हणून आई मारते,’ एवढाच अर्थ ते लावतं. मार बसला की ते गप्प होतं, आपल्याला वाटतं ऐकलं. ते घाबरलेलं असतं. अशा भीतीतून लेकरू लपवायला शिकतं. आज फुटलेली कपबशी लपवेल. उद्या शाळेच्या वाटेवर कुणी अंगाला हात लावला, तरी आईला सांगायला कचरेल. मुलांनी आपल्याला सगळं सांगावं असं वाटत असेल, तर त्यांना आपली धास्ती वाटून चालणार नाही.

‘मग पोरांना काही बोलायचंच नाही का?’ असं तुम्ही विचाराल. बोलायचं, शिस्तही लावायची. दूध सांडलं तर हातात फडकं द्या, ‘पूस, मीही हात लावते’ म्हणा. शाळेत मुलांना मारायला 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. शाळेत जे नको, ते घरात तरी कशाला?

राग चढताना अंग आधी सांगतं. दात आवळले जातात, छाती धडधडते. ते ओळखा. लेकरू चुलीपासून, पाण्यापासून लांब आहे ना, हे पाहा आणि दारात येऊन उभ्या राहा. श्वास घ्या, अगदी सावकाश सोडा. असं दहा वेळा करा. धडधड उतरते. मग आत जा.

तरीही हात उठलाच, तर नंतर जवळ घेऊन सांगा, ‘मी दमले होते, तुला मारलं ते चुकलं.’ याने आईचा मान कमी होत नाही. चूक कशी कबूल करायची, हे लेकरू त्यातूनच शिकतं.

पण सगळा भार आईनेच सोसायचा का? लेकरू दोघांचं आहे. आठवडाभर एवढंच करा: राग नेमका कोणत्या वेळी येतो, ते ध्यानात ठेवा. बहुतेक घरांत ती दिवेलागणीची वेळ निघेल. त्या वेळचं एक काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. बापाने अर्धा तास पोरांना घेऊन बसावं, हे मोकळेपणाने सांगा.

आणि एक गोष्ट. दोन आठवडे झाले तरी मन उदास आहे, झोप नाही, घास उतरत नाही, सारखं रडू येतं, असं असेल तर तो आळस नाही आणि बाहेरची बाधाही नाही. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. बाळंतिणीकडे तर जास्त लक्ष द्या. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, लगेच फोन करा. अशा मैत्रिणीला एकटी सोडू नका.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं यासाठी ठेवा. ‘पैसे भरलेस का?’ हे आपण एकमेकींना विचारतोच. ‘तू बरी आहेस ना?’ हेही विचारू या.