तिसऱ्या मजल्यावरचं म्हातारपण

चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली. ते वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली. शाळा, बाजार, मैदानं, बस डेपो सगळं आधी कागदावर आखून मग शहर उभं राहिलं. राहायला कोण येणार, हेही गृहीत होतं: दादर-परळच्या खोलीतून सुटू पाहणारं तिशीतलं जोडपं, पदरी एक-दोन मुलं. ते जोडपं आलं. बँकेतलं, मंत्रालयातलं, कुठल्याशा कारखान्यातलं. सिडकोचे हप्ते फेडले, १९९२ साली लोकल वाशीला पोचेपर्यंत बसच्या रांगा लावल्या. आता ते पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. गिरगावात किंवा पुण्याच्या पेठेत एका वाड्यात तीन पिढ्यांची सरमिसळ असते. वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांत अख्ख्या जिन्यानं एकाच सुमारास चाव्या घेतल्या, म्हणून अख्खा जिना एकाच सुमारास म्हातारा झाला.

आणि जिना हाच कळीचा मुद्दा आहे. सिडकोच्या वाशीतल्या जेएन टाइप इमारती घ्या किंवा नेरुळमधल्या त्याच धाटणीच्या. तीन-चार मजले, लिफ्ट नाही. एवढ्या उंचीला लिफ्टची सक्ती नव्हती आणि घरं स्वस्त ठेवायची होती, त्यामुळे तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पण आज त्या जिन्याकडे नीट बघा. कठडा एकाच बाजूला, भिंतीच्या बाजूला धरायला काही नाही. म्हणजे ज्याचा एक हात अर्धांगवायूनं गेलाय त्याला चढताना आधार असेल तर उतरताना नाही. वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. मग प्लास्टिकची खुर्ची येते, माणसाला चादरीनं तिला बांधतात, वॉचमन, इस्त्रीवाला आणि शेजारचे दोघे मिळून खाली उतरवतात. खुर्चीतल्या माणसाला लाज वाटते ती वेगळीच. एकदा असं उतरवलेला माणूस पुढच्या वेळी ‘बरं वाटतंय मला’ म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळतो.

इथून पुढचं सगळं शरीरशास्त्र आहे. खाली उतरणं बंद झालं की ऊन बंद, ड जीवनसत्त्व कमी, मांडीचे स्नायू झडतात, तोल जातो, आणि मग ओल्या बाथरूममध्ये खुब्याचं हाड मोडतं. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, मिनी सीशोअर आहे, नेरुळला वंडर्स पार्क आहे. ज्येष्ठांसाठी या शहरानं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. फक्त हे सगळं तळमजल्यावर आहे.

म्हणून ‘आईबाबांचं काय करायचं’ हा प्रश्न इथे फोनवर, रात्री उशिरा, बहुधा न्यू जर्सी किंवा बंगळुरूहून विचारला जातो. त्याची उत्तरं मोजकी. ब्युरोकडून बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी. ती प्रेमळ असते, पण रुग्णाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यावं हे तिला क्वचितच कुणी शिकवलेलं असतं. तिची स्वतःची कंबर त्यात जाते आणि महिन्याभरात बदली येते. दुसरं उत्तर पनवेल-कर्जतच्या बाजूला. मूळच्या कुष्ठसेवेतून उभ्या राहिलेल्या नेऱ्याच्या शांतिवनात वृद्धाश्रमही आहे. माथेरानच्या पायथ्याशी नेरळला डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांची वसाहत आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सोय मात्र सगळीकडे होत नाही. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. तेव्हा जागा बघायला गेलात तर बाग बघू नका, रात्री किती माणसं जागी असतात ते विचारा.

याच शहरात आणखीही म्हातारपणं आहेत. मुंबईचे घाऊक बाजार तुर्भ्याला हलले तसा माथाडी कोपरखैरणे-घणसोलीकडे आला. सातारा-पाटणकडच्या या माणसानं आयुष्यभर गोणी वाहिल्या. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, पण मणक्यातली झीज कुठल्या मंडळानं भरून दिली नाही. त्यातले बरेच जण निवृत्तीनंतर गावी जातात, जिथे घर बैठं आहे पण हाडांचा डॉक्टर तालुक्याला. गावठाणातल्या आगरी-कोळी आजीचं अंगण शाबूत असेल तर ती अजून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घेते. कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये जमिनीला टेकलेली, चौकाभोवतीची घरं बांधली होती. शहरानं तो धडा पुढे गिरवला नाही.

पैशाचं गणितही जिन्यापाशीच अडतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. मावशीचा पगार, डायपर, फिजिओथेरपी घरच्या खिशातून. मुलं बघत नसतील तर ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, वकील लागत नाही. पण निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार. त्यातलं कलम २३ जास्त उपयोगाचं: सांभाळाच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट कागदावर लिहून घ्यायला संकोच करू नये. आपल्याकडे तो फार होतो.

सध्या जुन्या सोसायट्यांत पुनर्विकासाची चर्चा आहे. नवी इमारत, लिफ्ट, मोठं घर. चांगलंच आहे. पण ऐंशीच्या माणसाला दरम्यानची वर्षं भाड्याच्या घरात, ओळखीच्या डॉक्टर-केमिस्टपासून लांब काढायची असतात, आणि स्मृतिभ्रंश असलेल्याला नव्या घरात संडासचं दार सापडत नाही. विकासकाशी बोलणी करताना कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर सभा तासन्‌तास चालतात; ज्येष्ठ सभासदांना त्याच सेक्टरात तळमजल्याची किंवा लिफ्टची जागा मिळावी, ही अट करारात घालायला एक ओळ पुरते. तोवर भिंतीच्या बाजूला दुसरा कठडा आणि प्रत्येक वळणावर घडीचं बाकडं बसवायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडता येईल. खर्चाला हरकत बहुधा तळमजल्यावरचेच सभासद घेतील.