व्यसनमुक्तीनंतर राहायचे कुठे?

खुलताबाद : उरूस, भद्रा मारुतीची यात्रा आणि वेरूळ लेण्यांच्या वाटेवरील पर्यटक यांच्यामुळे खुलताबादला वर्षभर वर्दळ असते. अशा गावात खोली दिवसाच्या भाड्याने देणे घरमालकास साहजिकच सोयीचे वाटते. महिनाभराचे बेताचे भाडे देणारा मजूर मागे पडतो. त्यातही तो व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला असला, तर त्याला दारातूनच परत पाठविले जाते.

या नकाराची किंमत जिवाची असू शकते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचा आणि 'बटन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्यांचा चोरटा व्यापार छत्रपती संभाजीनगरातील पोलीस कारवायांतून वारंवार उघड झाला आहे. कोडीन हे अफूच्या कुळातले. त्याचा काही अंश शरीरात मॉर्फीन बनतो आणि मात्रा वाढली की श्वास मंदावतो. नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या त्याच्या जोडीला घेतल्यास धोका कितीतरी वाढतो. नॅलॉक्सोन हे उतारा-औषध अफूवर्गीय द्रव्याचा परिणाम उलटविते, झोपेच्या गोळ्यांचा नाही; शिवाय त्याचा अंमल साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावेच लागते.

सर्वांत घातक काळ मात्र नशा सुटल्यानंतरचा. काही आठवडे औषध न मिळाल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या सोबत्यांत परतलेला माणूस जुनीच मात्रा घेतो आणि तीच प्राणघातक ठरते. त्या दिवसांत निवारा कुठे मिळतो, हा प्रश्न म्हणूनच उपचाराचाही भाग आहे.

नगर परिषदेच्या हाती यातले काय? औषध दुकानांवर देखरेख अन्न व औषध प्रशासनाची, तस्करीवर कारवाई पोलिसांची, रुग्णालय आरोग्य खात्याचे. घरकुलाचा धागा मात्र बऱ्याच अंशी तिच्याकडे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. सरकारी निधीतून बांधलेली रिकामी घरे भाड्याने देणे किंवा नवी बांधून चालविणे, असे दोन्ही मार्ग त्यात खुले आहेत. एरवी या योजनेची चर्चा मालकीच्या घरापाशीच थांबते, हे खेदजनक.

खासगी घरमालकाची अडचणही खरी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणीचा खर्च, वर अनोळखी भाडेकरूची धास्ती! घरमालक नगर परिषद किंवा तिने नेमलेली संस्था असेल, तर चार-दोन खोल्या उपचार घेऊन परतलेल्यांसाठी राखता येतील आणि त्यांच्या तपासणीची वेळ रुग्णालयाशी बांधता येईल.

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ वर आहे. श्वास मंद, ओठ निळसर आणि हाक मारूनही प्रतिसाद नाही, अशी स्थिती दिसताच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णास कुशीवर वळवावे आणि मदत येईपर्यंत एकटे सोडू नये.